‘हे कार्ड जपून ठेवावे’

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिक्केमावशी कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या बाइंडिंगच्या खोलीत उभ्या होत्या आणि ग्रंथालयाच्या एका कार्डाला इस्त्री करत होत्या. टेबलावर जाड पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकमध्ये गच्च बसवलेलं पिवळं कार्ड, त्यावर वर्तमानपत्राची घडी आणि सगळ्यात वर बाइंडरमामांची जुनी इस्त्री. दहा आकडे म्हणायचे, इस्त्री उचलायची, कोपऱ्यात ब्लेड घालायचं आणि प्लास्टिक ओढायचं. तीनदा करून झालं होतं. चौथ्या वेळी प्लास्टिक सुटलं, पण एकटं सुटलं नाही. नाव, वर्ग आणि फोटोतला चेहरा सोबत घेऊन गेलं. पुठ्ठ्यावर उरली ती हनुवटी, गळा आणि कॉलेजचा गोल शिक्का.

"आता गळ्यावरून ओळखा," बाइंडरमामा म्हणाले. "कोणाचं आहे?"

"जुनं आहे. कोणी मागायला येणार नाही."

"मग सकाळी सकाळी माझी इस्त्री कशाला चिकट करता, बाई?"

मावशींच्या कोटाच्या खिशात दुसरं कार्ड होतं. तेही असंच प्लास्टिकमधलं. ते मागायला मात्र कोणीतरी येणार होतं, आणि बाराच्या आत येणार होतं. पहिल्या वर्षाची एक मुलगी कॉलेज सोडत होती. सोडण्याच्या अर्जावर शेवटचा एक शिक्का राहिला होता. तो शिक्का मावशींच्या खणात होता.

मावशी त्रेपन्न वर्षांच्या आहेत. नववी शिकलेल्या. कॉलेजात त्यांची अठरा वर्षं झाली. पहिली बारा प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्यात गेली, पुढची सहा ग्रंथालयाच्या काउंटरवर. हुद्दा ‘परिचर’ असा आहे, तो पगाराच्या कागदाशिवाय कुठे दिसत नाही. पुस्तक देताना तारखेचा शिक्का, घेताना ‘जमा’चा शिक्का आणि विद्यार्थी कॉलेज सोडून निघाला की ‘ग्रंथालयाचे येणे नाही’ हा शिक्का, असे तीन शिक्के दिवसभर त्यांच्या हातात असतात. मुलांनी नाव ठेवलं शिक्केमावशी. त्यांची हरकत नाही. आधीच्या लिपिकांना मुलं काय म्हणायची ते त्यांना माहीत आहे.

आधीचे लिपिक म्हणजे नियमअण्णा. एकतीस वर्षं काउंटरवर बसले आणि निवृत्त झाले. त्यांनी मावशींना काम शिकवलं ते चार दिवसांत. त्यातलं एक वाक्य असं होतं: "लॅमिनेशन केलेलं कार्ड चालत नाही. दुय्यम कार्डासाठी अर्ज करायचा, विभागप्रमुखांची सही, पालकांचं हमीपत्र." नियमअण्णा ते एका दमात म्हणायचे, मान वर न करता. मावशींनी ते तसंच उचललं, मान वर न करण्यासकट.

कारण साधं होतं. या ग्रंथालयाचं कार्ड जाड पिवळ्या कागदाचं असतं. पुढे नाव, फोटो, वर्ग. मागे सोळा ओळींचा तक्ता: पुस्तकाचा क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची तारीख. पुस्तक घरी न्यायचं असो की आत वाचनकक्षात बसून वाचायचं असो, क्रमांक या तक्त्यात लिहावा लागतो. प्लास्टिकवर बॉलपेन उठत नाही. म्हणून चालत नाही.

आता हे कार्ड लॅमिनेट कोण करतं, ते बघायचं. ज्यांच्या घरात आई कॉलेजला गेली होती, काका गेले होते, थोरला भाऊ गेला होता, त्या घरातलं मूल कार्ड पाकिटात कोंबतं. चहा सांडतं, कोपरे दुमडतात, चालतं. ज्या घरात कॉलेजचं नाव छापलेला हा पहिलाच कागद आलेला असतो, त्या घरातला बाप संध्याकाळी कामावरून येतो, हात धुतो, कार्ड पालथं-उलथं करून बघतो आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्लास्टिकमध्ये बसवून आणतो. ही चूक दुसरं कोणी करतच नाही. कॉलेजात पहिलं पाऊल कोणाचं पडलंय, हे शोधायला फॉर्ममधला पालकांच्या शिक्षणाचा रकाना बघायची गरज नाही. कार्ड हातात घेतलं की कळतं.

आणि तेवढ्याचसाठी त्याला परत पाठवायचं.

परत पाठवलेलं मूल वाद घालत नाही. "बरं" म्हणतं. विभागप्रमुखांच्या खोलीचं दार त्याला माहीत नसतं, असलं तर ते उघडं नसतं. हमीपत्र लिहायला सांगितलेल्या बापाला हमी द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं हे ठाऊक नसतं, तो घाबरतो. पहिल्या आठवड्यातल्या शनिवारी ग्रंथालयाची माहिती देण्याचा तास असतो, पण ही मुलं प्रवेशाच्या तिसऱ्या यादीत येतात, तोवर तो तास होऊन गेलेला असतो. मग ते मूल ग्रंथालयाच्या दारावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघत जातं. वर्गात सर सांगतात, पुस्तक विकत घेऊ नका, लायब्ररीत आहे. ते मूल मान डोलावतं.

ऑगस्टमध्ये एका प्राध्यापकांच्या मुलीने असंच कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं. हौस म्हणून, मागे स्टिकरही लावला होता. मावशींनी वाक्य म्हटलं. दहा मिनिटांत स्टाफरूममधून ग्रंथपालांना फोन आला आणि अकराव्या मिनिटाला मावशींनीच नव्या कार्डावर शिक्का मारला. अर्ज नाही, सही नाही, हमीपत्र नाही. त्या दिवशी त्यांनी पेन इतकं जोरात आपटलं की रिफिल बाहेर आली. रिफिल परत बसवली आणि पुढच्याला पुस्तक दिलं.

राग त्यांना तेव्हा पहिल्यांदा आला नव्हता. तो चार वर्षांपूर्वी आला आणि घरात आला.

रात्रीचं जेवण करायच्या आधी, भाजी निवडता निवडता त्या दिवसभरातलं सांगत होत्या. लेक माहेरी आलेली. ती औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात काम करते. मावशी म्हणाल्या, "आज एका पोराने कार्ड लॅमिनेट करून आणलं. एवढी मोठी पोरं, एवढं कळत नाही."

लेक म्हणाली, "अर्ज करायला सांगितलं असेल ना. विभागप्रमुखांची सही. पालकांचं हमीपत्र."

"तुला कसं ठाऊक?"

"मलाही तेच सांगितलं होतं."

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. लेक याच कॉलेजात होती, पाच महिने. कार्ड तिच्या वडिलांनी लॅमिनेट करून आणलं होतं; मावशींना तो दिवस आठवत होता, त्यांनीच "कडा नीट कापून घ्या" असं म्हटलं होतं. मावशी तेव्हा प्रयोगशाळेत भांडी धूत होत्या. प्रयोगशाळा आणि काउंटर यांच्यामध्ये एक जिना आहे आणि साठ पावलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? बाबांनी कार्ड खराब केलं म्हणून?"

मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या आणि अकरा वाजता आणखी एका मुलाला तेच वाक्य सांगितलं. हे त्या स्वतः सांगतात, कोणी विचारलेलं नसताना. "नोकरी होती. पाण्यात राहायचं तर माशाशी वैर कशाला, असा विचार केला. वैर करायला पाहिजे होतं."

एक गोष्ट मात्र त्यांनी तेव्हापासून सुरू केली. कॉलेज सोडणाऱ्याचं कार्ड ग्रंथालय ठेवून घेतं, दहा वर्षं. ती कार्डं रबर लावून खालच्या खणात पडलेली असतात, कोणी बघत नाही. मावशी ती बघू लागल्या. पहिल्या वर्षातच सोडून गेलेल्यांची कार्डं तीनशे अठरा. त्यातली प्लास्टिकमधली एकाहत्तर. एकाहत्तर कार्डांच्या मागच्या सोळा ओळी कोऱ्या. सकाळी इस्त्रीखाली जे कार्ड फाटलं, ते त्या एकाहत्तरांतलंच. मावशींच्या लेकीचं.

काल दुपारी साडेचारला जी मुलगी काउंटरवर आली, तिला मावशी टँकरवाल्याची पोरगी म्हणून ओळखतात. वडील पाण्याचा टँकर चालवतात. जुलैअखेर ती गणिताचं पुस्तक मागायला आली होती आणि परत गेली होती. कार्ड दाखवून, वाक्य ऐकून, "बरं" म्हणून. काल तिच्या हातात कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. प्रयोगशाळेचा शिक्का झालेला, जिमखान्याचा झालेला. पहिल्या चाचणीत गणितात चाळीसपैकी सात गुण मिळाले होते. आई एका लाँड्रीत कामाला आहे, तिथे तिने मुलीसाठी सोमवारपासूनची जागा बघितली होती. अर्ज कचेरीत द्यायची शेवटची मुदत आज बारा वाजेपर्यंतची. त्यानंतर नावं विद्यापीठाकडे जातात आणि वर्ष संपेपर्यंत कोणाचं काही निघत नाही.

तिने अर्ज आणि कार्ड एकावर एक ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, कार्ड खराब केल्याबद्दल सॉरी. बाबांना माहीत नव्हतं."

मावशींनी कार्ड उचललं. बाप हुशार असावा. कडा चारी बाजूंनी सारख्या कापलेल्या होत्या, कोपरे गोल केले होते, म्हणजे टोचू नयेत.

"कोणी सांगितलं होतं लॅमिनेट करायला?"

"कोणी नाही. कार्डावरच लिहिलंय. मी वाचून दाखवलं बाबांना."

मावशींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. फोटोच्या खाली, बारीक अक्षरात, सहा वर्षं रोज हाताखालून जाणारी ओळ होती: हे कार्ड जपून ठेवावे.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ओरडल्या नाहीत. शिक्का उचलला, पॅडवर दाबला, अर्जाच्या वर आणला आणि तसाच खाली ठेवला.

"शाई वाळलीय," त्या म्हणाल्या. "उद्या ये."

"उद्या बारापर्यंतच आहे, मावशी."

"त्याच्या आत ये. अर्ज आणि कार्ड राहू देत इथे."

शाई वाळली नव्हती. पॅडमध्ये त्यांनी सकाळीच शाई घातली होती.

तर आज सकाळी बाइंडिंगच्या खोलीत इस्त्रीचा बेत फसला. लेकीचं कार्ड फाटलं, म्हणजे या मुलीचंही फाटणार. मावशींनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसल्या. बाइंडरमामा नेहमीप्रमाणे नव्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारीखपट्ट्या डकवत होते. तारीखपट्टी म्हणजे रेघा मारलेला बोटभर रुंद कागद. पुस्तक कधी परत करायचं ती तारीख त्यावर पडते.

मामांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "काय करायचंय तुम्हाला नेमकं?"

"प्लास्टिक काढायचंय."

"कशाला?"

"मागे लिहिता येत नाही म्हणून."

"मग लिहायचंय की काढायचंय?"

मावशींनी ब्लेड टेबलावर ठेवलं.

"चिकटलेलं काढत का बसता? वरून चिकटवा." मामांनी खणातून पॉलिश पेपर काढला, रद्दीतलं प्लास्टिकमधलं एक जुनं कार्ड घेतलं, प्लास्टिकची मागची बाजू चार वेळा घासली. चकाकी गेली. पांढऱ्या डिंकाचा एक थेंब, त्यावर तारीखपट्टी, वर अंगठा. "दोन मिनिटं थांबा आणि मग ओढून बघा."

मावशींनी ओढून बघितलं. निघाली नाही. बॉलपेनने त्यावर आजची तारीख लिहिली. उठली.

गेल्या सहा वर्षांत मावशींनी स्वतःच्या हाताने किमान वीस हजार तारीखपट्ट्या पुस्तकांत डकवल्या असतील. डिंक त्यांच्या डाव्या हाताला असतो, पट्ट्यांचा गठ्ठा उजव्या. त्या उभ्या राहिल्या आणि टेबलावर मूठ मारली, एकदाच. डिंकाची बाटली आडवी झाली.

"माझ्यावर कशाला काढता?" मामा म्हणाले.

"तुमच्यावर नाही."

"मग टेबलाने काय केलंय?"

"मामा, एक विचारू? तुम्हाला हे सहा वर्षं माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं?" मामांनी बाटली उभी केली. "माझ्याकडे फाटलेली पुस्तकं येतात, बाई. पोरं येत नाहीत."

ग्रंथपाल साहेब साडेदहाला येतात. साहेब वाईट माणूस नाहीत. आवाज चढवत नाहीत, परिचरांना अहो-जाहो करतात, रजेचा अर्ज अडवत नाहीत. ते नियमाने वागतात. नियम वाचत मात्र नाहीत. मावशी दहा-चाळीसला आत गेल्या आणि एकाहत्तरांतली सत्तर कार्डं साहेबांच्या टेबलावर, काचेवर, सात ओळींत मांडली. साहेबांना चहाचा कप हातातच धरून ठेवावा लागला.

"हे काय, मावशी? पत्ते खेळायचेत का?"

"पालथी घालून बघा, साहेब."

त्यांनी तीन-चार पालथी घातली. "कोरी आहेत."

"सगळी कोरी आहेत. ही पोरं पहिल्या वर्षात सोडून गेली. एकानेही इथलं एक पुस्तक उघडलं नाही. आपण उघडू दिलं नाही. काल आणखी एक मुलगी सोडायचा अर्ज घेऊन आली."

"लॅमिनेशनमुळे कॉलेज सोडलं असं कसं म्हणता? लोकांना हजार कारणं असतात. घरची असतात, कामाची असतात."

"हजार कारणं त्यांची. एक आपलं. आपलं आपण काढू."

साहेबांनी कप कुठे ठेवावा ते बघितलं आणि फाईलवर ठेवला. "तुमची तळमळ समजते. पण नियम मी केलेला नाही, तुम्हीही नाही."

"कितवा नियम आहे?"

"म्हणजे?"

"नियमपुस्तक तुमच्या मागे आहे. हिरवं. त्यात कितवा आहे ते दाखवा."

साहेबांनी पुस्तक काढलं. बावीस वर्षांपूर्वी छापलेलं, अठ्ठावीस नियम. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. लॅमिनेशन हा शब्द त्यात कुठेच नाही. नववा नियम असा आहे: ‘कार्ड स्वच्छ व सुस्थितीत राखण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.’

"तो तर पाळलाय त्यांनी," मावशी म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

"ही प्रथा आहे," साहेब म्हणाले. "अण्णांच्या काळापासूनची."

"अण्णांचं पेन उठत नव्हतं, साहेब. ती प्रथा नव्हे. ती पेनाची अडचण." त्यांनी पट्टी डकवलेलं कार्ड पुढे केलं. "ही बघा. घासायला अर्धं मिनिट, डकवायला अर्धं. सहा वर्षं मी पोरं परत पाठवली, तुम्ही मला कधी थांबवलं नाही, आणि उत्तर माझ्या डाव्या हाताला होतं."

साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं. ओढून बघितलं. "बारकोडची कार्डं येणारच आहेत."

"चार वर्षं येताहेत."

"बरं, कालची ती मुलगी म्हणता ना? तिच्यापुरतं करून टाका. गाजावाजा नको. बाकीचं समितीपुढे ठेवू. मार्चमध्ये बैठक आहे."

"तिच्यापुरतं नाही."

"मावशी—"

"तिच्यापुरतं केलं तर ती मेहरबानी होईल. प्राध्यापकांच्या मुलीपुरतं केलं तशी. मला मेहरबानी करायची नाही." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी जिन्यावरच ठरवलं होतं. "समितीपुढे ठेवा खुशाल. तोवर मला लेखी द्या. ‘लॅमिनेट केलेल्या कार्डावर पुस्तक देऊ नये’, एवढी एक ओळ आणि खाली तुमची सही. मी काचेला लावते. पोरांना विचारलं तर दाखवता येईल, कोणी सांगितलं ते."

खोलीत पंखा चालू होता, त्याने दोन कार्डं सरकली. साहेबांनी ती जागेवर ठेवली. त्यांनी आयुष्यभर लोकांकडून लेखी मागितलं होतं. त्यांच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. टेबलावर कोरा कागद होता, पेन होतं. दोन्हींकडे त्यांनी बघितलं.

"असं लेखी देता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग मी आजपासून पुस्तकं देते."

"द्या. पण काउंटर सोडून वर्गावर्गांत फिरायचं नाही. कामाच्या वेळेत काउंटर बंद दिसला तर मला उत्तर द्यावं लागेल."

"कामाच्या वेळेत नाही फिरणार," मावशी म्हणाल्या आणि कार्डं गोळा केली. सत्तर. एकाहत्तरावं त्यांनी आणलंच नव्हतं. ते कोणाचं, हे त्यांनी साहेबांना सांगितलं नाही.

टँकरवाल्याची पोरगी अकरा पंचवीसला आली. धावत आली असावी. दारात थांबून तिने श्वास घेतला आणि मग आत पाऊल टाकलं. काउंटरवर आणखी कोणी नव्हतं.

"मावशी, शाई मिळाली?"

"शाई काल पण होती. खोटं बोलले मी." मावशींनी तिचा अर्ज काढून समोर ठेवला, शेजारी शिक्का ठेवला, पॅडचं झाकण उघडलं. "मारते. दोन मिनिटांचं काम आहे. आधी एक सांग. तुला जायचंय की तुझं नाव काढलं जातंय?"

"आई म्हणाली..."

"आईचं मला कळलं. तुझं सांग."

मुलीने काउंटरच्या लाकडावर नख फिरवलं. "मला गणित येत नाही. सर म्हणतात, पुस्तकातली उदाहरणं सोडवा."

"सोडवलीस?"

"पुस्तक कुठेय माझ्याकडे?"

"तुझ्याकडे नाही. तिथे आहे." मावशींनी बोट दाखवलं. "खिडकीपासून तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. नऊ प्रती. जुलैपासून तिथेच आहेत. धूळ पुसते मी त्यांची दर सोमवारी."

मुलगी कपाटाकडे बघत राहिली. मग तिने मावशींकडे बघितलं आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा धार आली. "मग तेव्हा का नाही दिलंत?"

"मूर्ख होते म्हणून."

असं उत्तर काउंटरवरून मिळत नाही, हे तिलाही माहीत असावं. मावशींनी तिचं कार्ड पुढे सरकवलं. प्लास्टिक तसंच, गोल कोपरे तसेच. मागे पांढरी पट्टी, सरळ रेषेत डकवलेली.

"बाबांनी केलेलं तसंच ठेवलंय?"

"तसंच. तुझ्या बाबांचं काही चुकलेलं नाही. कार्डावर लिहिलंय ते त्यांनी केलं. चुकलं ते काउंटरच्या या बाजूला. काल तू सॉरी म्हणालीस ना? ते परत घे."

"परत कसं घ्यायचं?"

"ते मला माहीत नाही. पण इथे ठेवू नकोस."

मुलीला हसू आलं, ते तिने दाबलं. मग विचारलं, "जायचं नसेल तर काय करायचं असतं? त्याचा पण अर्ज असतो का?"

"त्याला अर्ज नसतो. जाऊन पुस्तक घेऊन ये."

ती गेली. तिसऱ्या कपाटापाशी वाकली, उठली, पुन्हा वाकली. नऊपैकी कोणतं घ्यायचं हे ठरवायला तिला बराच वेळ लागला. शेवटी सगळ्यात जुनं घेऊन आली, कारण त्यात आधीच्या कोणीतरी पेन्सिलने उदाहरणं सोडवलेली होती. मावशींनी पट्टीवर क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, शिक्का मारला. पुस्तकातल्या पट्टीवरही मारला. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

"आता हा अर्ज," मुलगी म्हणाली. "आई विचारेल. काय सांगू?"

"सांग, शिक्का मिळाला नाही. विद्यार्थ्याच्या नावावर पुस्तक असताना ‘येणे नाही’चा शिक्का मारता येत नाही. नियम सोळावा. हा खरोखरचा आहे, छापलेला."

"मग कधी मिळेल?"

"पुस्तक परत केलंस की. आठ दिवसांनी."

"आणि आठ दिवसांनी जर..."

"आठ दिवसांनी दुसरं पुस्तक मागितलंस तर मला ते द्यावंच लागेल. मग त्याचे आठ दिवस."

"असं तीन वर्षं चालेल," मुलगी म्हणाली.

"मोज तूच. गणित तुझं कच्चं आहे, माझं नाही."

तिने पुस्तक पिशवीत टाकलं, मग काढून हातात धरलं. निघताना कार्ड कुठे ठेवू असं विचारलं. मावशी म्हणाल्या, कुठेही ठेव, चहा सांडला तरी चालेल. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. त्या म्हणतात, तिची मागितली तर बाकी सत्तर जणांची कुठे जाऊन मागू. आणि एक तर घरातच येते-जाते.

फाटलेलं कार्ड त्यांनी खणात परत ठेवलेलं नाही. हनुवटी आणि गळा असलेला तो तुकडा त्यांच्या पिशवीत, चष्म्याच्या डबीत आहे. लेक रविवारी येणार आहे. तिला तो दाखवायचा की नाही, हे ठरलेलं नाही. लेकीचा प्रश्न त्यांना आधीच ठाऊक आहे: नऊ वर्षांपूर्वी, माझ्या वेळी, पॉलिश पेपर नव्हता का?

होता.

दुपारी दीडला बाइंडरमामांनी न विचारता ऐंशी तारीखपट्ट्या कापून दिल्या आणि पॉलिश पेपरचे चार तुकडे. वर म्हणाले, "टेबलावर मूठ मारायची असेल तर वर्गातल्या टेबलावर मारा. ते लोखंडी आहे." पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या यादीत यंदा एकशे चार नावं होती. त्यातली सव्वीस नावं ग्रंथालयाच्या वहीत अजून एकदाही आलेली नाहीत. मावशींनी ती एका कागदावर उतरवून घेतली आहेत.

उद्या शुक्रवार. पहिल्या वर्षाचा पहिला तास सकाळी आठला, खोली क्रमांक बारामध्ये असतो आणि शिपाई ती खोली साडेसातला उघडतो. मावशी सात-पस्तीसला तिथे दारात उभ्या असतील, डिंक आणि पट्ट्या घेऊन. काउंटर आठलाच उघडेल. त्यांची कामाची वेळ तिथून सुरू होते.